निसर्गावरचा पत्त्यांचा खेळ: एक पान ठेवायचं, बाकीची शेजाऱ्याला द्यायची

रानवाट:

घरात पाच माणसं. धाकटा सात वर्षांचा, थोरली अकराची, आम्ही दोघं आणि सासरे. या पाचांना एका टेबलाभोवती बसवणारा खेळ मी गेली दोन वर्षं शोधत होते. कपाटात खेळ पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत अडचण तीच. ज्याची पाळी असते तो विचार करतो आणि बाकीचे चौघं वाट बघत बसतात. पाळी फिरून धाकट्याकडे येईपर्यंत तो उठून गेलेला असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, सात वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं फार मोठी वाटतात.

मग 'इकोसिस्टम' हाती आला. २०१९ चा, जीनियस गेम्सचा, दोन ते सहा जणांचा. सगळा खेळ पत्त्यांचा आहे, सोंगट्या नाहीत की फासे नाहीत. प्रत्येकाला दहा पानं मिळतात. त्यातलं एक निवडून ते पालथं ठेवायचं. सगळ्यांचं ठरलं की एकदम उलटायचं आणि आपापल्या समोरच्या 'जंगलात' लावायचं. उरलेली नऊ पानं शेजाऱ्याच्या हातात जातात आणि दुसऱ्या बाजूने आपल्याकडे नवी नऊ येतात. हात संपेपर्यंत हेच. दुसऱ्या फेरीत पुन्हा दहा पानं वाटायची, फक्त फिरवण्याची दिशा उलटी. शेवटी प्रत्येकासमोर चार आडव्या आणि पाच उभ्या ओळींचं वीस पानांचं जंगल तयार होतं.

गुण मिळतात ते कोण कोणाशेजारी आहे यावर. अस्वलाला शेजारच्या प्रत्येक मधमाशीचे आणि ट्राउट माशाचे दोन-दोन. मधमाशीला शेजारच्या प्रत्येक कुरणाचे तीन. कोल्ह्याला तीन मिळतात, पण शेजारी अस्वल किंवा लांडगा असेल तर काहीच नाही. ससा स्वतः एकच गुण देतो, मात्र तो लावताना जंगलातल्या कुठल्याही दोन पानांची अदलाबदल करता येते. धाकट्याचा जीव या सशावर आहे.

सगळे एकाच वेळी विचार करतात, त्यामुळे वाट बघणं जवळपास संपलं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. कुटुंबासाठी पत्ते फिरवण्याचा खेळ घ्यावा असं मी आता कोणालाही सांगेन, आणि त्याचं पहिलं कारण प्राण्यांची चित्रं नसून ही एकत्र विचार करण्याची वेळ आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही दिसली. हात लपवलेला असतो, त्यामुळे धाकटा अडला तर मदत कशी करायची? त्याची पानं पाहिली तर मी त्याच्या शेजारी बसून खेळू शकत नाही, कारण तीच पानं पुढच्या क्षणी माझ्याकडे येणार असतात. आणि दुसरा प्रश्न अडवाअडवीचा. सासऱ्यांनी थोरलीला हवं असलेलं हरीण मुद्दाम घेतलं, स्वतःला उपयोग नसताना. ती त्या दिवशी पुढे खेळलीच नाही. तुम्ही घरी या दोन गोष्टी कशा सांभाळता?

मोरपीस:

मदतीपुरतं सांगते. पहिले दोन डाव उघड्या पानांनी खेळा. सगळ्यांनी आपली पानं टेबलावर चित्र वर करून मांडायची आणि निवडताना मोठ्याने बोलायचं. "माझ्याकडे अस्वल आहे, समोर दोन मासे आहेत, म्हणून मी हे मधे लावतेय." मुलांना नियम लवकर येतो, विचार कसा करायचा ते कोणी दाखवत नाही. उघड्या डावात ते आपोआप दिसतं. जिंकण्याहरण्याचा हिशोब त्या दोन डावांत ठेवायचाच नाही, वही काढायचीच नाही.

शिवाय सुरुवातीला आम्ही एकच फेरी खेळायचो. दहा पानं, पाच-पाचच्या दोन ओळी. गुण नेमके जमत नाहीत कारण खेळ वीस पानांसाठी बांधला आहे, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला तेवढंच जंगल नजरेत मावतं. तिसऱ्या डावाला माझा मुलगा स्वतःच म्हणाला, अजून जागा पाहिजे.

आणि नियम तुम्ही हाताने मराठीत लिहून द्या. एका बाजूला प्राण्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला एकच वाक्य. "मधमाशी: शेजारी कुरण हवं." छापील पत्रकापेक्षा आईच्या अक्षरातला कागद मुलं जास्त वेळा बघतात, हा माझा अनुभव.

बेरीजवजाबाकी:

रानवाट, तुम्ही पाच जण खेळता म्हणून लिहितो. पाच जणांत या खेळाचं गणित फार सुरेख बसतं आणि ते मुलांना समजावता येतं.

दहा पानांचा पहिला हात तुमच्याकडून निघाला की तो पाच जणांत फिरून सहाव्या निवडीला परत तुमच्याकडे येतो. तेव्हा त्यात पाच पानं उरलेली असतात. गेलेल्या पाचांपैकी एक तुमचं आणि चार इतर चौघांची. म्हणजे पाच जणांत प्रत्येक हात तुमच्यासमोर बरोबर दोनदा येतो, कमी नाही आणि जास्तही नाही. चार जणांत पहिला हात पाचव्या निवडीला सहा पानांचा होऊन येतो आणि नवव्या निवडीला दोन पानांचा होऊन पुन्हा येतो. सहा जणांत तो सातव्या निवडीला चार पानं घेऊन येतो.

याचा उपयोग असा. पहिल्या हातात मुलाला दोन पानं आवडली तर त्याला विचारायचं, "यातलं कुठलं परत येईल असं तुला वाटतं?" टेबलावर अजून कोणाकडेच ओढा नसेल तर ओढ्याची पानं पहिल्या फेऱ्यात पटापट जातील. उलट चतुराला, म्हणजे ड्रॅगनफ्लाय या कीटकाला, ओढ्याशिवाय स्वतःचे गुण नाहीत, ते पान बहुधा परत येईल. म्हणून ओढा आधी घ्यायचा, चतुराची वाट बघायची. हे एकदा कळलं की मूल पान सोडताना घाबरत नाही. सोडलेलं पान कायमचं गेलं असं त्याला वाटत असतं, म्हणूनच ते निवडायला वेळ लावतं.

किती पानं आपल्या नजरेखालून जातात तेही बघा. दोघांत खेळलात तर वाटलेल्या वीसपैकी एकोणीस पानं तुम्ही पाहता, न दिसलेलं एकच, समोरच्याने पहिल्यांदा उचललेलं. तिघांत तीसपैकी सत्तावीस. चौघांत चाळीसपैकी चौतीस. पाच जणांत पन्नासपैकी चाळीस. सहा जणांत साठपैकी पंचेचाळीस. माणसं वाढतात तसा नशिबाचा वाटा वाढतो. म्हणूनच लहान मुलांबरोबर पाच-सहा जणांचा डाव जास्त न्यायाचा होतो, आणि दोघांचा डाव मोठ्यांसाठी जास्त धारदार.

जागेबद्दलही एक सांगतो. चार गुणिले पाचच्या जंगलात चार शेजारी असलेल्या जागा फक्त सहा आहेत, मधल्या. कडेच्या दहा जागांना तीन शेजारी आणि कोपऱ्यातल्या चारांना दोनच. अस्वल आणि मधमाशी यांना शेजारी हवेत, त्यांना मधे ठेवा. लांडग्याला शेजाऱ्यांशी देणंघेणं नाही, तो नुसता मोजला जातो, त्याला कोपरा द्या. कोल्हाही कोपऱ्यात सुखी असतो. गंमत म्हणजे पहिली पाच-सहा पानं लावेपर्यंत मधलं कुठलं आणि कडेचं कुठलं हे ठरलेलंच नसतं, जंगल कुठल्याही बाजूने वाढू शकतं. मी शक्यतो उशिरापर्यंत ते ठरू देत नाही.

आणि हरीण. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत हरीण असलं की दोन गुण. ओळी नऊ, म्हणजे जास्तीत जास्त अठरा. त्यासाठी पाच हरणं पुरतात. नीट तिरपी ठेवली तर पहिली चार प्रत्येकी चार गुण देतात आणि पाचवं दोनच. सहावं घेण्यात काहीच नाही. तुमच्या थोरलीला कितवं हरीण हवं होतं?

रानवाट:

पाचवं! आणि ती म्हणत होती की त्याच्याशिवाय सगळं फुकट जाईल. दोनच गुणांचा प्रश्न होता हे आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. आज तिला कागदावर काढून दाखवते.

ओढ्याकाठी:

मी पाणथळ जागांवर काम करतो, त्यामुळे या खेळाकडे थोडं वेगळ्या नजरेने बघतो. आधी कोल्ह्याबद्दल. पानावरचा तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी म्हणजे खोकड. मराठीत कोल्हा म्हणतात तो वेगळा प्राणी, लांडग्याच्या जास्त जवळचा. बोलताना आपण सर्रास मिसळतो, पण मुलांना पहिल्यांदाच नाव सांगतोय तर खोकड सांगावं. फार गोड शब्द आहे आणि वापरला नाही तर जाईल. तसंच चतुर आणि टाचणी. दोन्ही पाण्याजवळ दिसतात. बसल्यावर पंख पसरलेले ठेवतो तो चतुर, बहुतेक वेळा पाठीवर मिटतो ती टाचणी. पानावर पंख पसरलेले आहेत, म्हणजे चतुरच.

खेळाचे नियम किती ठिकाणी खऱ्या निसर्गाला धरून आहेत हे मुलांना सांगण्यासारखं आहे. चतुराचे गुण लागून असलेल्या ओढ्याच्या लांबीवर आहेत. का? चतुराचं आयुष्य पाण्यात सुरू होतं. त्याची पिल्लं महिनोन् महिने, काही जातींत वर्षानुवर्षं पाण्याखाली राहतात, डासांच्या अळ्या खातात, आणि उडणारा चतुर हा त्या आयुष्याचा शेवटचा छोटा तुकडा असतो. ट्राउटला थंड, वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं आणि तो हीच चतुराची पिल्लं खातो. म्हणून त्याला ओढा आणि चतुर दोन्हींचे गुण. अस्वल मधासाठी पोळं फोडतं तेव्हा त्यातल्या अळ्याही खातं, तो त्याचा पौष्टिक भाग. गरुडाला दोन घरांपर्यंतचा ससा आणि मासा मोजता येतो, शेजाऱ्यांवर गुण मिळवणाऱ्या बाकीच्यांना फक्त लागून असलेलं, कारण गरुड दुरून बघतो. एवढ्या छोट्या नियमात एवढं बसवणं सोपं नाही. ज्याने कोणी ते बसवलं त्याने निसर्ग बघितलेला आहे.

एका ठिकाणी मात्र मला खटकतं. लांडग्याचे गुण लांडगे कोणाकडे इतरांपेक्षा जास्त यावर, पहिल्याला बारा. मुलांच्या मनात बसतं की लांडगे जितके जास्त तितकं जंगल चांगलं. खरं चित्र उलटं असतं. रेमंड लिंडेमन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका छोट्या तळ्याचा अभ्यास करून १९४२ मध्ये जो शोधनिबंध लिहिला, तिथून अन्नसाखळीतल्या ऊर्जेचा हिशोब मांडायला सुरुवात झाली. पुढे ठोकताळा रूढ झाला की एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते. गवतात हजार भाग असतील तर सशात शंभर, आणि सशावर जगणाऱ्यात दहा. म्हणून वरच्या पायरीवरचे प्राणी नेहमी थोडे असतात आणि त्यांना जागा खूप लागते. लिंडेमन तो निबंध छापून येण्याआधीच वारले, वय अवघं सव्वीस. मी हे मुलांना सांगतो, कारण एवढ्या लहान वयात माणूस एका तळ्याकडे बघून एवढं मोठं काही ओळखू शकतो हे त्यांना कळावंसं वाटतं.

आम्ही घरी एक बदल केला आहे. लांडग्यांचे गुण मिळवायचे असतील तर जंगलात लांडग्यांपेक्षा ससे आणि हरणं मिळून जास्त हवीत. नाहीतर ते लांडगे उपाशी, मोजायचे नाहीत. खेळ बिघडला नाही, उलट ससा आणि हरीण यांना मागणी वाढली.

काजवा:

माझं मत थोडं वेगळं आहे. पानं लपवून फिरवण्यापेक्षा घरच्यांसाठी उघडा बाजार चांगला. आमच्याकडे 'कॅस्केडिया' आहे, रँडी फ्लिन यांचा, २०२१ चा. २०२२ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' मिळाला, आणि तो पुरस्कार कुटुंबांनी खेळायच्या खेळांनाच देतात. त्यात पानांऐवजी षट्कोनी फरशा आणि लाकडी चकत्या आहेत, पण निवडण्याची कल्पना तीच. मधे चार फरशा आणि प्रत्येकीखाली एक प्राणी अशा चार जोड्या मांडलेल्या असतात. आपल्या पाळीला एक जोडी उचलायची, फरशी जमिनीला जोडायची, प्राणी त्याला चालेल अशा फरशीवर ठेवायचा. अस्वल, एल्क हरीण, सामन मासा, ससाणा आणि खोकड (ओढ्याकाठी, तुमचं वाचून दुरुस्त केलं). चारही प्राणी एकच आले तर ते बदलावेच लागतात, तीन सारखे आले तर बदलायचे की नाही ते आपण ठरवायचं.

सगळं उघडं असल्यामुळे माझी आई आणि माझी मुलगी एकत्र बसून ठरवतात. कोणाचं गुपित फुटत नाही. रानवाटनी विचारलेला मदतीचा प्रश्नच येत नाही. अडवाअडवीही फार होत नाही, कारण चारच जोड्या आणि प्रत्येकाची जमीन इतकी वेगळी की दुसऱ्याला नको असलेलं आपल्याला हवं असतं. शिवाय प्राण्यांच्या गुणांची पत्रकं बदलता येतात आणि कुटुंबासाठी सोपी पद्धतही नियमांतच दिली आहे.

माझ्या मुलाला लाल आणि हिरवा नीट ओळखता येत नाही. चकत्यांवर रंगाबरोबर प्राण्याचं चित्रही आहे, म्हणून त्याला कोणाला विचारावं लागत नाही. ज्यांच्या घरी अशी अडचण आहे त्यांनी खेळ घेताना हे आधी बघावं. फक्त रंगावर चालणारे खेळ मुलाला न सांगता बाहेर ठेवतात.

रानवाट:

काजवा, कॅस्केडिया आम्ही एका मैत्रिणीकडे खेळलो आहोत आणि तो मला सुंदर वाटला. पण तिथेही धाकटा उठून गेला. प्रत्येकाच्या वीस पाळ्या, चौघांच्या मिळून ऐंशी, आणि एकावेळी एकच जण खेळतो. मोठी माणसं बाजार बदलला की पुन्हा पहिल्यापासून विचार करतात. तुमच्या घरी आई आणि मुलगी एकत्र खेळतात म्हणून ते जमतं. ती युक्ती आम्ही करून बघू, सासरे आणि धाकटा मिळून एक जमीन.

मदत करता येते हे मात्र मान्य. कदाचित प्रश्न कुठला खेळ चांगला हा नाहीच, घरातलं सर्वांत लहान माणूस कशाने दुरावतं हा आहे. आमच्याकडे थांबल्याने. कोणाकडे न समजल्याने. कोणाकडे हरल्याने.

दोनपावलं:

हरल्याने दुरावणारा भाचा आमच्याकडे आहे, म्हणून अडवाअडवीवर मी लिहितो.

या खेळात अडवणं फुकट नाही, हे सासरेबुवांना शांतपणे दाखवा. जे पान घ्याल ते स्वतःच्या जंगलात लावावंच लागतं. जागा वीसच. नको असलेलं हरीण घेतलं की विसातली एक जागा गेली. शिवाय पाच जणांत तुम्ही एकाचे दोन गुण बुडवता तेव्हा उरलेल्या तिघांना काहीही न करता फायदा होतो. तुमचा एक तोटा, तिचा एक तोटा, आणि बाकीचे तिघं पुढे. दोघांच्या डावात गोष्ट वेगळी, तिथे समोरच्याचे दोन बुडाले की ते आपल्या खात्यात आल्यासारखेच असतात. म्हणून आमचा घरचा नियम साधा आहे: दोघं असू तर अडवायला मोकळीक, तीन किंवा जास्त असू तर प्रत्येकाने आपलंच जंगल बघायचं. हा नियम मुलांवरच्या दयेपोटी केलेला नाही. जास्त माणसांत तोच शहाणपणाचा खेळ आहे, आणि हे भाच्याला कळल्यावर त्याने तो मनापासून मानला. लहान म्हणून सवलत दिली असती तर त्याला ती टोचली असती.

लांडगे आणि ओढे याला अपवाद, कारण तिथे कोणाकडे इतरांपेक्षा जास्त यावरच गुण आहेत. तिथे शेजाऱ्याकडे बघावंच लागतं. भाच्याला मी सांगितलं, की लांडग्यात उतरायचं तर पहिल्या फेरीच्या अर्ध्यातच ठरव. दोन लांडगे घेऊन थांबणं सर्वांत वाईट, ना पहिला नंबर ना ती जागा.

आणि एक. आमच्याकडे डाव संपल्यावर गुण मोजण्याआधी प्रत्येकजण आपलं जंगल सांगतो. "हा ओढा इथून निघतो, इथे अस्वल मासे पकडतं, इथे खोकड लपलंय." मग मोजणी. भाचा शेवटून दुसरा आला तरी त्याचं जंगल सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

मोरपीस:

दोनपावलं, हे आम्ही आजपासून करणार.

बेरीजवजाबाकी:

दोघांच्या डावासाठी कोणी शोधत असेल तर 'कॅनोपी' बघा. वर्षावनावरचा आहे, पानांच्या तीन छोट्या गड्ड्या मधे असतात. पहिली गड्डी उचलून गुपचूप बघायची. हवी तर सगळीच घ्यायची. नको असेल तर तिच्यावर एक पान चढवून परत ठेवायची आणि पुढची बघायची. नको म्हणून सोडलेली गड्डी जाड होत जाते आणि कधीतरी इतकी मोहक होते की तिच्यातला वणवा किंवा रोगसुद्धा पत्करावासा वाटतो. बायको आणि मी मुलं झोपल्यावर हाच खेळतो.

जास्त वेळ असेल आणि मुलं दहाच्या पुढची असतील तर 'मेडो'. जलरंगातली चित्रं इतकी सुरेख आहेत की आमचा पहिला तास नुसता बघण्यात गेला. पण तो तासभराच्या वर जातो, सात वर्षांच्या मुलाबरोबर नको.

काजवा:

ओढ्याकाठी, तुमच्या उपाशी लांडग्यांचा नियम आवडला. एक शंका. हरीण आणि ससे मोजायचे तर अस्वलाने खाल्लेला मासा गरुडाने पुन्हा मोजायचा का? खेळात एकाच माशाचे अस्वलालाही गुण आणि गरुडालाही.

ओढ्याकाठी:

हो, आणि ते मला बरोबर वाटतं. पानावरचा मासा हा एक मासा नाही, त्या जागेतले सगळे मासे आहेत. ओढ्यात मासे आहेत म्हणून अस्वलही येतं आणि गरुडही. म्हणून तर मी लांडग्यांचे ससे गरुडाच्या सशांमधून वजा करत नाही.

माझ्या मुलीने यावरूनच स्वतःचं पान काढलं. बेडूक. तिचा नियम: शेजारी ओढा आणि कुरण दोन्ही असतील तर चार गुण, एकच असेल तर शून्य. बेडकाची पिल्लं पाण्यात वाढतात आणि मोठा बेडूक काठावर, गवतात फिरतो, म्हणून दोन्ही हवं. जाड पुठ्ठ्यावर सहा बेडूक काढले आणि बाकीच्या पानांत मिसळले. पाठीमागून ओळखू येत होते म्हणून सगळ्याच पानांना अपारदर्शक पाठीची प्लास्टिकची पाकिटं घातली. पहिल्या डावात बेडूक फार भारी पडले, कारण ओढा आणि कुरण सगळेच गोळा करतात आणि दोन्हींच्या मधली जागा आपोआप मिळते. मुलीने चाराचे तीन केले. दुसऱ्या डावात कोणी घेईनाच. मग तिने पुन्हा चार केले आणि जोडीला ठरवलं की बेडकाशेजारी बेडूक चालणार नाही. तीन रविवार गेले यात. खेळ बांधणाऱ्या माणसाने काय केलं असेल हे तिला त्या तीन रविवारांत समजलं.

रानवाट:

आठवडाभराने परत आले. उघड्या पानांचे दोन डाव झाले. धाकटा दोन्ही डाव पूर्ण बसला, पाळी येण्याची वाट बघावी लागत नव्हती आणि आजोबा त्याच्याशेजारी मोठ्याने विचार करत होते. तिसरा डाव झाकून खेळलो. सहाव्या निवडीला पहिला हात परत आला तेव्हा तो ओरडला, "चतुर आलाय परत!" त्याने बेरीजवजाबाकींचं ऐकून पहिल्यांदा ओढा घेतला होता.

थोरलीला हरणांचा हिशोब दाखवला. ती गप्प बसली, मग म्हणाली, चार हरणं आणि एक अस्वल. डाव संपल्यावर जंगल सांगताना सासऱ्यांनी आपल्या जंगलातलं एक हरीण दाखवलं आणि म्हणाले, "हे मागच्या वेळी तुझं होतं." एवढंच. ती हसली.

बेडूक आमच्याकडेही आला आहे, सध्या चार. थोरलीचं म्हणणं आहे की गरुडाने ससा आणि माशाबरोबर बेडूकही मोजावा. धाकट्याला ते मान्य नाही, त्याने काढलेला बेडूक कोणी खायचा नाही. ओढ्याकाठी, तुमच्याकडे काय ठरलं?

ओढ्याकाठी:

गरुड नाही. मुलीने साप काढायला घेतला आहे.